सतरावे घर

ब्रिस्बेन,
२४ ऑक्टोबर १९८८

प्रिय फुलमती,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र पोचले. ते वाचायला मला दोन संध्याकाळी लागल्या. तुझ्या अक्षराबद्दल मी फिजीत, लाबासाला असताना जे बोलत असे, त्यात फरक करावा असे काही त्यात आढळले नाही.

तू विचारतेस, दीदीची बोटे कशी आहेत. खरे ते लिहितो. कोंबड्यांच्या कारखान्यातील थंडखोलीत तिला सात महिने झाले. उजव्या हाताची तीन बोटे आधी पांढरी पडतात, मग निळी, आणि घरी आल्यावर तासाभराने लाल होऊन ठणकतात. गेल्या रविवारी रोटी भाजताना तिचे बोट तव्याला चिकटले. ते तिला कळले नाही. वास मला आला, मी ओरडलो, तेव्हा तिने हात उचलला. जन्मात मांसाला हात न लावलेली बाई दिवसभर कोंबडीच्या तंगड्या डब्यांत भरते, आणि घरी येऊन अंघोळ केल्याशिवाय दिवा लावत नाही. त्याबद्दल तिची तक्रार नाही. बोटांबद्दलही नाही. तक्रार डॉक्टरने केली. पुढच्या हिवाळ्याआधी, म्हणजे जूनपूर्वी, तिला थंडीतून बाहेर काढा, नाहीतर बोटांतील जाणीव परत येणार नाही, असे त्याने मला तोंडावर सांगितले.

माझ्याबद्दल काय लिहू? एकतीस वर्षे शिक्षणखात्यात, त्यांतील शेवटची अकरा शाळा-तपासनीस म्हणून. येथील रोजगार कार्यालयातील बाईंनी माझी प्रमाणपत्रे आदराने उलटून पाहिली आणि ती मोजता येत नाहीत असे सांगितले. वाचता येतात, मोजता येत नाहीत.

म्हणून मी एक योजना आखली आहे. सुखदेईइतके स्वच्छ घर ठेवणारी बाई मी पाहिलेली नाही. हे मी तपासनीस म्हणून लिहितो, नवरा म्हणून नव्हे. दर आठवड्याला आठ घरांची सफाई मिळाली की तिला कारखान्याची पायरी चढावी लागणार नाही. काम ती करील. घरे मी मिळवीन, दारोदार जाऊन. बोलणे हे माझे क्षेत्र आहे.

तीन आठवड्यांत एकशे चाळीस दारे झाली. घर एकही नाही. पहिल्या दिवशी मी आपल्याकडच्या रीतीप्रमाणे फाटकाशी उभा राहून हाक मारली. कोणाच्या अंगणात न बोलावता शिरणे मला अजूनही जमत नाही. कोणी बाहेर आले नाही. समोरच्या घरातला पडदा तेवढा हलला, आणि वीस मिनिटांनी एक पोलीस गाडी येऊन मी कोणाला शोधतो आहे अशी चौकशी करून गेली. आता मी दारापर्यंत जातो आणि घंटा वाजवतो. टाय असतो, काळी बॅग असते, बॅगेत दारोदार देण्यासाठी माझ्या नाव-पत्त्याच्या चिठ्ठ्या असतात (एक सोबत ठेवली आहे). बूट काढून उभा राहतो. एका बाईने दार किलकिले करून सांगितले की त्यांचे कुटुंब कॅथलिक आहे आणि सुखी आहे. दुसऱ्या गृहस्थाने माझ्या मोज्यांकडे पाहिले आणि विमा नको म्हणाला. लोकांना ऐकून घेण्याचे शिक्षण नाही.

तू तेरा वर्षे ऑकलंडमध्ये हा व्यवसाय करतेस. तुझी पद्धत लिही. तिच्यात सुधारणा मी करून घेईन.

तुझा जीजा,
गजाधर

ओटाहुहू, ऑकलंड,
६ नोव्हेंबर १९८८

ती. जीजा,

पाया पडते. दीदीला माझी मिठी द्या. तुम्ही देणार नाही हे ठाऊक आहे, तरी लिहिते.

माझ्या अक्षराला नावं ठेवा खुशाल. या अक्षरावर माझी चोवीस घरं चालतात.

तव्याचं वाचलं आणि मी पत्र बाजूला ठेवून बसून राहिले. तुम्ही एवढं सरळ लिहिलंत म्हणजे ते तुम्ही लिहिलंय त्याहून वाईट आहे. दीदी लहानपणी विहिरीवर माझा हात धरायची ना, तो हाच हात. जूनआधी तिला तिथून काढाच.

आता पद्धत. जीजा, आधी तो टाय काढा. टायवाला दारात दिसला की इथली माणसं एकतर देवाला घाबरतात नाहीतर विम्याला. बॅग घरी ठेवा. बूट पायात ठेवा, मोज्यांवर उभा राहिलेला माणूस बघून बायकांना वाटतं हा आता आत शिरणारच. हातात बादली धरा, खांद्यावर फडकं टाका. बादली बोलते, तुम्ही गप्प राहिलात तरी चालेल. गप्प राहिलात तर जास्तच चालेल.

दुसरं, दीदीला बरोबर न्या. दार बाईच उघडते. बाईला बाई दिसली की साखळी निघते. दीदीने नुसतं उंबऱ्यातल्या कोळ्याच्या जाळ्याकडे बघून हसावं, पुढचं काम होतं.

तिसरं, घरात फोन घ्या. तुमच्या चिठ्ठीवर नुसता पत्ता. काम द्यायला कोण तुम्हाला पत्र लिहिणार? आणि मला पण बरं पडेल, तुम्हाला रागावायला दहा दिवस थांबावं लागणार नाही.

एवढं करा. व्याख्यान देऊ नका.

तुमची लाडकी साळी (एकच आहे, म्हणून लाडकी),
फुलमती

ब्रिस्बेन,
११ डिसेंबर १९८८

प्रिय फुलमती,

आशीर्वाद. तुझ्या सूचनांचा मी काळजीपूर्वक विचार केला आणि त्या स्वीकारल्या नाहीत. बादली हे कामाचे साधन आहे, परिचयाचे नव्हे. सुखदेईला मी बरोबर नेणार नाही. नकार ऐकायचा तो मी ऐकीन. तिच्यासमोर तिला कोणी नको म्हणावे हे मला चालणार नाही. फोन आठ घरे झाली की घेऊ.

आता बातमी. यश आले आहे.

मी चार वाक्यांचे एक निवेदन रचले, आरशासमोर बसवले, आणि नोव्हेंबरच्या शेवटापासून तेच वापरतो आहे. परिणाम असा झाला की दारे आपटणे थांबले. लोक हसतात, उन्हात फिरता म्हणून हळहळतात, आणि सांगतात: आता नाताळ आला, सुट्ट्या आल्या, तुम्ही सुट्टीनंतर या. अशी तेवीस घरे झाली. तेवीस, फुलमती. मला आठ हवी होती. यादी नकलून सोबत जोडली आहे: घर, कुटुंब, शब्द काय दिला तो, आणि माझा शेरा. ज्यांच्यापुढे तारा आहे ती मोठी घरे, वकील, दंतवैद्य, एक निवृत्त न्यायाधीश. ही पक्की. एकाच घरापुढे मी प्रश्नचिन्ह केले आहे, ते सतरावे. मिसेस हिस्लप नावाची विधवा, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. हिने मला आत बसवले, चहा दिला, भिंतीवरच्या कॅलेंडरवर सात फेब्रुवारी, मंगळवार, सकाळी दहा, असे पेन्सिलने लिहिले. माझे नाव चुकीचे लिहिले. ते मी तेथेच दुरुस्त करून दिले. गवतावर गोळे लोटण्याचा जो खेळ येथील वृद्ध खेळतात, त्याच्या क्लबाबद्दल ती पाऊण तास बोलली. घर क्षुल्लक, आणि वयामुळे स्मरणाचा भरवसा नाही. म्हणून प्रश्नचिन्ह.

तू हसशील, म्हणून हेही लिहितो. या लोकांच्या शब्दावर मी का विसंबतो? आपल्या रामायण मंडळीत मंगळवारी येतो म्हणून तीस जण मान डोलावत आणि नऊ येत. आपल्या माणसाचे ‘हां हां’ म्हणजे वारा. पण प्रशिक्षण महाविद्यालयातील आमचे प्राचार्य मिस्टर क्रॉफर्ड यांनी मला बुधवारी चार वाजता पुस्तक आणून देतो असे सांगितले होते. त्या बुधवारी लाबासा नदीला पूर होता. ते होडीतून आले, पुस्तक तेलकापडात गुंडाळून, आणि घड्याळात चार वाजत होते. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. त्या दिवशी मला कळले की शब्द म्हणजे काय. आयुष्यभर मी शिक्षकांना तीच फूटपट्टी लावली.

तेव्हा ठरले आहे. सुखदेई तेवीस डिसेंबरला कारखाना सोडील. सोडण्याचे पत्र मी लिहिले आहे. तिथल्या मुकादमाने इतके नेटके पत्र आजवर पाहिले नसेल. ती म्हणत होती, एखादे घर सुरू तर होऊ दे, मग सोडते. मी तिला यादी दाखवली.

तुझा जीजा,
गजाधर

ओटाहुहू,
२० डिसेंबर १९८८

जीजा,

पत्र आत्ता हातात पडलं आणि उभ्यानं लिहिते आहे. दीदीला नोकरी सोडू देऊ नका.

‘सुट्टीनंतर या’ म्हणजे नाही. जीजा, ते नाहीच असतं. गोऱ्यांनापण तोंडावर नाही म्हणायची लाज वाटते. लाबासाला कुणी गावाबाहेरच्या लग्नाचं बोलावणं दिलं की आपण कसं ‘हां हां, जरूर’ म्हणतो, आणि बोलावणाऱ्यालाही ठाऊक असतं हा काही यायचा नाही, आणि दोघं हसत हसत एकमेकांचा निरोप घेतात. हे अगदी तेच. तुम्ही म्हातारे, सभ्य, घामाघूम, त्यातून असं पुस्तकातलं इंग्रजी. तुमच्या तोंडावर दार कोण आपटणार? तुम्हाला गोड बोलून वाटेला लावलं.

माझ्या पहिल्या वर्षी चाळीस घरांनी मला जानेवारी दिला होता. एकाही घरात जानेवारी आला नाही.

तुमचे ते क्रॉफर्डसाहेब होडीतून आले असतील. ते तुमचे गुरुजी होते. तुम्ही त्यांचे आवडते होता. इथे तुम्ही दारातला फेरीवाला आहात. असं लिहायला मला आवडत नाही, पण लिहिते.

नाताळचं टपाल तुंबलेलं असतं, हे पत्र वेळेत पोचो एवढंच देवाकडे मागते. फोन असता तर आत्ता केला असता.

फुलमती

ब्रिस्बेन,
१२ जानेवारी १९८९

प्रिय फुलमती,

तुझे २० डिसेंबरचे पत्र ९ जानेवारीला मिळाले. सुखदेईने ठरल्याप्रमाणे तेवीस तारखेला कारखाना सोडला.

तुझ्या पत्रातील स्वर हा तू उभ्याने लिहिल्याचा परिणाम मानतो आणि त्याबद्दल अधिक लिहीत नाही. तू दिलेले लग्नाचे उदाहरण चुरचुरीत आहे. मात्र एका समाजाच्या सवयी दुसऱ्याला चिकटवणे ही विचाराची पद्धत नव्हे.

सुखदेईची प्रकृती सुधारते आहे. बोटांचा रंग जवळजवळ सारखा झाला आहे. काल तिने सुईत दोरा ओवला आणि मला दाखवायला घेऊन आली. माझ्या निवेदनात पांढऱ्या एप्रनचा उल्लेख आहे, म्हणून तिने तसे दोन शिवले आहेत. ती रोज विचारते, पहिले घर कोणत्या दिवशी. मी सांगतो, एक फेब्रुवारी. येथील शाळा तोवर सुरू होतात आणि लोक परतलेले असतात.

तुझ्या पत्रातील मजकूर मी तिला वाचून दाखवला नाही. तूही तिला वेगळे लिहू नये.

गजाधर

ओटाहुहू,
२२ जानेवारी १९८९

ती. जीजा,

पाया पडते. झालं ते झालं. मी चढ्या आवाजात लिहिलं, माफ करा. सुईदोऱ्याचं वाचून मी रडले, चांगलं रडले.

आता माझं एकच ऐका. एक तारखेला जा. तुमचे तारेवाले आधी घ्या. पाच-सहा दारांवर जर तेच झालं जे मी म्हणते, तर उरलेल्या दारांवर पाय झिजवू नका. एकदा गोड नाही म्हणालेल्या माणसाकडे दुसऱ्यांदा गेलं की तो कडू होतो, आणि ते कडूपण अंगाला चिकटतं, पुढच्या नव्या दारावर ते आधी दिसतं. सरळ यादी फाडा आणि नव्या गल्लीत जा. बादली घेऊन. दीदीला घेऊन.

चांगलं झालं तर मला थोबाडीत मारल्यासारखं पत्र लिहा. मी ते फ्रेम करून लावीन.

फुलमती

ब्रिस्बेन,
९ फेब्रुवारी १९८९

प्रिय फुलमती,

आशीर्वाद. तुला फ्रेम करण्यासारखे काही पाठवत नाही.

एक फेब्रुवारीला मी नऊ वाजता पहिल्या तारेवर गेलो. दंतवैद्य. त्यांच्या पत्नीने मला ओळखले नाही. मी त्यांना अठ्ठावीस नोव्हेंबरचे त्यांचेच वाक्य म्हणून दाखवले. त्यांनी ते एखाद्या अनोळखी माणसाचे असावे तसे ऐकून घेतले आणि दार लावले. दुसऱ्या घरी वकील स्वतः होते. त्यांना आठवत होते. त्यामुळे ते ओशाळले आणि म्हणाले, ईस्टरनंतर बघू. तिसऱ्या घरात नवीन भाडेकरू आहेत. चौथ्या दारावर आता फेरीवाल्यांना मनाई करणारी चिकटपट्टी आहे. डिसेंबरात ती नव्हती. ती माझ्यामुळे लागली का, असा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि उत्तर टाळले. न्यायाधीशांनी मात्र मला पुरते ऐकून घेतले. ऐंशीच्या घरातले, ताठ बसणारे, मला ते पहिल्या दिवसापासून आवडले होते. ते म्हणाले, “मास्तर, मी ‘नाही’ म्हणालो होतो. तुम्हाला ऐकू आले नाही.”

त्यांनी हे सौम्यपणे सांगितले. चुकलेल्या विद्यार्थ्याला मीही असेच सांगत असे.

तीन दिवसांत दहा घरे झाली. अकराव्या घरी ठरल्याप्रमाणे काम मिळाले. सुखदेई एप्रन घालून गेली, चार तास राबली, आणि निघताना त्या बाईने हे एकदाच हवे होते असे सांगितले. सहा तारखेच्या संध्याकाळी मी तुझ्या सल्ल्याप्रमाणे वही उघडली, फूटपट्टी ठेवली, आणि उरलेल्या बारा नावांवर एक सरळ रेघ ओढली. यादी फाडली नाही. वही फाडणे माझ्याने झाले नाही.

मी तुझी क्षमा मागतो. लग्नाच्या बोलावण्याचे तुझे उदाहरण अचूक होते.

दुसऱ्या दिवशी नव्या गल्ल्या घेतल्या. बादली हातात होती. सुखदेई बरोबर होती. टाय काढला. गळा इतका उघडा वाटला की मी दोनदा हात लावून पाहिला. सत्तर दारे झाली आहेत. तू म्हणालीस तसे बायका तिच्याशी बोलतात, साखळी काढतात. पण याच गल्ल्यांतून गेल्या महिन्यात दुसरे कोणी सफाईचे काम मागत फिरून गेले आहे. उशीर झाला आहे.

कारखान्यात तिची जागा भरली. ती स्वतः जाऊन विचारून आली. मला न सांगता गेली होती.

तुझा जीजा,
गजाधर

ओटाहुहू,
२० फेब्रुवारी १९८९

ती. जीजा,

पाया पडते. क्षमा मागू नका, तुम्ही मागितली की मला भीती वाटते.

तुमचं पत्र वाचल्यावर मी डिसेंबरची ती यादी काढली. तेव्हा रागाच्या भरात मी ती नीट वाचलीच नव्हती. तेवीस नावं, बावीस ठिकाणी ‘सुट्टीनंतर’, ‘नव्या वर्षात’, ‘थोडं थंड झालं की’. आणि सतरा नंबरला: मंगळवार, सात फेब्रुवारी, दहा वाजता.

जीजा, हिच्याकडे गेला होतात ना?

हा एक धडा मी तुम्हाला द्यायचा राहिला, आणि तोच खरा धडा आहे. जे टाळतात ते ऋतू सांगतात. ज्यांना हवं असतं ते वार सांगतात. जिने भिंतीवर लिहिलं ती बाई वाट बघणार. आत बोलावलं, चहा पाजला. असं दार शंभरात एक.

तुम्ही लिहिलंत की सहा तारखेला बारा नावांवर रेघ ओढली. त्या बारांत सतरावं नव्हतं असं मला पटकन कळवा. मी सरसकट फाडा म्हणाले, मी मूर्ख, पण तुम्ही एवढे बारकाईने बघणारे, तुम्ही ते वगळलं असेल. वगळलंत ना?

आणि क्लब, जीजा. म्हाताऱ्या बायकांचा क्लब म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक नाही. माझी चोवीसांतली अकरा घरं एका म्हातारीच्या विणकामाच्या गटातून आली आहेत.

लवकर लिहा.

फुलमती

ब्रिस्बेन,
१२ मार्च १९८९

प्रिय फुलमती,

आशीर्वाद. तुझे पत्र एक तारखेला मिळाले. उत्तराला विलंब झाला, कारण मी चार मसुदे लिहून टाकून दिले. हा पाचवा असून तोही मला पसंत नाही.

वगळले नव्हते. रेघ सरळ यावी म्हणून मी बारा नावे एकाच फटक्यात खोडली.

पत्र वाचल्यावर तासाभरात मी तिच्या दाराशी होतो. टाय नव्हता, बादली नव्हती. काहीच घेतले नव्हते. मिसेस हिस्लपने दार उघडले आणि मला लगेच ओळखले. स्मरणशक्ती उत्तम आहे. माझ्या नावाचा उच्चार तिने मी दुरुस्त केला होता तसाच केला. मला आत बोलावले नाही, पण ती दारातून हललीही नाही, आणि जे सांगायचे ते तिने ओरड न करता, मी विचारल्याविना, क्रमाने सांगितले.

सात तारखेला तिने क्लबातल्या सहा मैत्रिणींना बोलावले होते. सगळ्या विधवा, सगळ्यांची घरे त्याच दोन रस्त्यांवर, सगळ्यांना आठवड्याला कोणीतरी हवे होते. तिने त्यांना सांगितले होते की एक जुने शाळामास्तर येणार आहेत, फार नेमके गृहस्थ आहेत, माझे स्पेलिंग सुधारतात. त्या पावणेदहाला आल्या. केक होता. साडेबारापर्यंत बसल्या. माझ्या चिठ्ठीवर फोन नसल्यामुळे कोणाला विचारता आले नाही. तिला वाटले, मला काही झाले असावे. दोन दिवसांनी ती चिठ्ठीवरच्या पत्त्यावर बसने आली होती, फुलमती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई. दोन बस बदलून. आम्ही दोघे तेव्हा नव्या गल्ल्यांत दारे वाजवत होतो. शेजाऱ्याने तिला सांगितले की तुमचे मास्तर ठणठणीत आहेत, सकाळीच बाहेर पडले. ती येऊन गेल्याचे आम्हाला त्याने कळवले नाही.

म्हणून ती परत गेली. पुढच्या आठवड्यात बादली घेतलेली एक बाई दारात आली, वार विचारला, आणि सातही घरे तिला मिळाली.

सात. मला आठ हवी होती. आठवे मी कोठूनही मिळवले असते.

मी क्षमा मागितली. मी कारण सांगायला सुरुवात केली आणि थांबलो, कारण कारण असे होते की दहा जणांनी शब्द पाळला नाही म्हणून मी तिचाही शब्द खोटा धरला. हे कोणत्या भाषेत सांगायचे? ती म्हणाली, “मी त्यांना सांगितलं होतं, तुम्ही वेळेवर येणारे आहात.” तिच्या मागे भिंतीवर कॅलेंडर दिसत होते. मार्चचे पान होते. फेब्रुवारी मागे गेला होता, आणि त्यावर कोठेतरी माझे नाव, बिनचूक लिहिलेले.

सुखदेईला मी हे सर्व सांगितले. मला वाटले होते ती रडेल, किंवा बोलेल. ती भाजी निवडत होती. हात न थांबवता तिने विचारले, “चहा पाजला होता ना तिनं?” मी हो म्हणालो. “पाजला होता हे मला कधी सांगितलं नाहीत,” ती म्हणाली. “मी रेघ ओढू दिली नसती.” निवडलेली भाजी तिने धुतली. नंतर म्हणाली, “मिस्टर क्रॉफर्डची गोष्ट तुम्ही मला हजारदा सांगितलीत. होडी वल्हवणारा कोण होता ते एकदाही सांगितलं नाहीत.” मला ते माहीत नाही. मी कधी विचारले नव्हते.

कारखान्यात एक जागा निघाली आहे. थंडखोलीत नाही, तिच्या आतल्या गोठवणीच्या खोलीत, जिथे दोन-दोन हातमोजे देतात आणि दर चाळीस मिनिटांनी बाहेर काढतात. ती गेल्या सोमवारपासून जाते. मीही अर्ज केला होता. माझे वय त्यांना मोजता आले. हे लिहितो आहे तेव्हा ती झोपली आहे, हात उशीखाली धरून. रोट्या आता मी लाटतो. ती म्हणते आपल्या वनुआ लेवू बेटाचा नकाशा बरा आला आहे, फक्त लाबासा जळाले. तिला चिमटीत रोटी धरता येत नाही, म्हणून मी तुकडे करून वाढतो, आणि ती मला ते करू देते.

तुझा यात दोष नाही. तू पाच-सहा दारांनंतर यादी फाडायला सांगितलीस. तुझ्यापुढे त्या वेळी माझे शेरे होते, आणि त्या घरापुढे प्रश्नचिन्ह मी केले होते.

जून यायला अडीच महिने आहेत. मी उद्या नदीपलीकडच्या गल्ल्या सुरू करतो. बादली भरून ठेवली आहे.

एक राहिले. त्या दिवशी मी निघालो तेव्हा मिसेस हिस्लपला बहुधा माझी दया आली. मी फाटकापर्यंत पोचलो होतो. तिने हाक मारली. दारात उभी राहून तिने मला हसून सांगितले, “ईस्टरनंतर या ना, मास्तर. बघू.”

मी वाकून आभार मानले. वही खिशात होती. ती मी काढली नाही.

तुझा जीजा,
गजाधर